दोघांनी एकदम हात घातला तर

समजा, जहाजाच्या डेकवर एक पेटी पडली आहे. एका बाजूला तुम्ही, दुसऱ्या बाजूला आणखी कोणी. दोघांनी एकाच क्षणी पेटीवर क्लिक केलं. पेटी कोणाच्या हातात जायला हवी?

मी ज्या खेळावर काम करते त्यात परवापरवापर्यंत याचं उत्तर होतं: दोघांच्या. तुमच्या हातात एक पेटी, त्याच्या हातात एक पेटी, आणि लांबून बघणाऱ्या तिसऱ्यालाही दोन पेट्या दिसायच्या. पेटीत बिस्किटं असली तर बिस्किटं दुप्पट. पोरांना हे कळल्यावर व्हायचं तेच झालं. जोडीजोडीनं उभं राहून "एक, दोन, तीन" म्हणत पेट्या उचलायची नवी कला जन्माला आली. उपासमार टाळणं हा ज्या खेळाचा अर्धा भाग, त्यात उपासमार उरलीच नाही.

खेळाचं नाव मी सांगणार नाही. पुढे त्याच्या कोडबद्दल बरंच उणंदुणं येणार आहे, आणि तो कोड ज्यांनी लिहिला ती माणसं नोकऱ्या सांभाळून, रात्री जागून, फुकट लिहीत होती. एवढंच सांगते की खेळ मल्टिप्लेअर आहे, ओपन-सोर्स आहे, एका वेळी तीस-चाळीस जण एका जहाजावर खलाशी, स्वयंपाकी, डॉक्टर किंवा चोर होऊन राहतात, आणि तिथल्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीला हात लावता येतो. दार, पातेलं, दोरी, दुसऱ्याचा खिसा. हा जो हात लावण्याचा कोड असतो, त्याला इंटरॅक्शन कोड म्हणतात. माझे गेले आठ महिने, म्हणजे त्यातल्या रात्री, त्यात गेल्या.

दिवसा मी एका कंपनीत पेमेंटच्या सॉफ्टवेअरवर काम करते. तिथे जुन्या कोडबद्दलचं धोरण एका ओळीचं आहे: चालतंय ना, मग हात लावू नकोस. तिथे मी लिहिलेलं बटण कोण दाबतं हे मला कधीच दिसत नाही. इथे रात्री अकराला सर्व्हरवर गेलं की दिसतं. "याचे पैसे किती मिळतात?" असं आईनं एकदा विचारलं होतं. शून्य म्हटल्यावर तिनं पुन्हा विचारलं नाही, पण बारानंतर दिवा चालू दिसला की ती पंख्याचा वेग एकने कमी करून जाते. हा तिचा निषेध.

*

या जातीच्या खेळांचा मूळपुरुष म्हणजे 'स्पेस स्टेशन १३'. २००३ साली 'बायॉन्ड' नावाच्या प्लॅटफॉर्मवर एका प्रोग्रामरनं तो आणला. आधी त्यात महत्त्वाची होती ती हवा: बंद स्थानकात वायू कसे पसरतात, कुठून गळतात. पुढे सोर्स कोड बाहेर आला, त्याच्या अनेक शाखा झाल्या, आणि वीसहून जास्त वर्षांनंतरही लोक तो खेळतात. 'टीजीस्टेशन' नावाच्या शाखेचा कोड गिटहबवर कोणालाही वाचता येतो. लोक झोपताना रील्स बघतात, मी कधीकधी हे वाचते.

त्यातली एक गंमत सांगते. तिथे रिकाम्या हातानं वस्तूला हात लावला की जे फंक्शन चालतं त्याचं नाव 'अटॅक हँड'. हातातली वस्तू दुसऱ्या वस्तूवर वापरली की 'अटॅकबाय'. म्हणजे मशीनमध्ये कार्ड घातलं तर कोडच्या भाषेत तो मशीनवर हल्ला. टेबलावर ताट ठेवलं तर टेबलावर हल्ला. खेळणाऱ्याला याचा पत्ताही नसतो. पण कोड लिहिणाऱ्याला तीच भाषा रोज वाचावी लागते, आणि मग 'मारणं' आणि 'वापरणं' एकाच साखळीत अडकतात. एखाद्याला पट्टी बांधायला जावं आणि पट्टीनं त्याला बडवावं, असले बग याच साखळीत जन्मतात. पुढे तिथल्या लोकांनी 'वस्तू वापरणं' हे 'हल्ला करणं' यापासून वेगळं काढायला घेतलं. काम प्रचंड, कारण हजारो वस्तू, आणि प्रत्येक वस्तू जुन्या नावाला बांधलेली.

नावं मागे राहतात हे मला कोणी शिकवायला नको. मी कॉटन ग्रीनला वाढले. बाहेरच्या माणसाला वाटतं, कॉटन एक्स्चेंजची इमारत हिरवी म्हणून हे नाव. पण यातलं 'ग्रीन' म्हणजे मोकळं मैदान, आणि ते मैदान इथलं नव्हेच. ते होतं फोर्टात, सेंट थॉमस चर्चसमोर, आज जिथे हॉर्निमन सर्कल आहे तिथे. कापसाच्या गाठी तिथे पडायच्या. मग बाजार कुलाब्याला गेला. मग १९२०च्या दशकात पोर्ट ट्रस्टनं भराव घातलेल्या शिवडी-माझगावच्या जमिनीवर आला, आणि येताना नाव घेऊन आला. कापसाच्या संघटनेचं कार्यालय अजून त्या हिरव्या इमारतीत आहे, पण गाठींचा गजबजाट गेला. हार्बर लाइनवर घोषणा मात्र रोज होते: पुढील स्टेशन, कॉटन ग्रीन. जुन्या कोडमधलं फंक्शनही असंच असतं. आत काय चालतं ते दहादा बदललेलं असतं, पण सगळ्या गाड्या त्याच नावानं थांबतात.

*

आमच्या खेळातल्या फंक्शनचं नाव होतं 'यूज'. लांबी चौदाशे ओळी. हातात काय आहे, समोर काय आहे, आणि मग जर, नाहीतर जर, नाहीतर जर. सुरी आणि पाव असेल तर काप. किल्ली आणि दार असेल तर उघड. प्रत्येक नव्या माणसानं आपली वस्तू टाकताना मधेच कुठेतरी आपला 'जर' घुसवलेला. त्यामुळे कोणता 'जर' आधी येतो यावर जग ठरायचं. ओला टॉवेल घेऊन आगीवर क्लिक केलं तर आग विझायची, पण त्याच चौकोनात कोणी माणूस उभा असेल तर त्याचं तोंड पुसलं जायचं, कारण माणसाची अट आगीच्या सत्तर ओळी वर होती. माणूस पेटलेला असला तरी आधी तोंड.

याची दुरुस्ती म्हणजे रिफॅक्टरिंग. मार्टिन फाउलरचं या विषयावरचं पुस्तक १९९९ साली आलं आणि तेव्हापासून या शब्दाला एक शिस्त आली: आतली रचना बदलायची, बाहेरून दिसणारं वागणं बदलायचं नाही. घरातली वायरिंग बदलायची, पण पंख्याचं बटण होतं तिथेच. ऐकायला सोपं आहे. अडचण अशी की बाहेरून दिसणारं वागणं नेमकं काय आहे हे कोणालाच ठाऊक नसतं. कुठे लिहिलेलं नसतं. ते कोडमध्येच असतं, आणि कोड तर बदलायचाय.

यावर मायकेल फेदर्सच्या २००४ सालच्या पुस्तकात एक साधा उपाय आहे. कोड काय करायला हवा ते विसरा. तो आज काय करतो ते टेस्टमध्ये उतरवा, चूक असलं तरी. मी पहिले दोन महिने 'यूज'ची एक ओळ बदलली नाही. फक्त टेस्ट लिहिल्या. सुरी आणि पाव. सुरी आणि दार. सुरी आणि झोपलेला माणूस. रिकामा हात आणि कुलूप. 'टॉवेल आगीऐवजी तोंड पुसतो' या नावाची टेस्टही त्यात आहे, आणि ती पास होते.

मग मोडायला घेतलं. नवी रचना आम्ही 'स्पेस स्टेशन १४'च्या कोडवरून शिकलो. हा १३चा वारसदार, सी-शार्पमध्ये नव्यानं लिहिलेला, तोही ओपन-सोर्स. त्यात मधोमध बसून सगळं ठरवणारा कोणी नाही. आधी एकच तपासणी होते: हात पोचतो का? दीड चौकोनाच्या आत आहे का, मधे भिंत नाही ना? पोचत असेल तर एक हाक जाते: अमक्यानं तमकी वस्तू घेऊन या गोष्टीला हात लावलाय, कोणाचं काम आहे? ज्या कोडचं काम असेल तो ते करतो आणि 'हँडल्ड' असा झेंडा वर करतो. झेंडा दिसला की बाकीचे गप्प. पावाचा कोड पावाच्या फाइलीत, दाराचा दाराच्या. नवी वस्तू टाकायला चौदाशे ओळी वाचाव्या लागत नाहीत. तुकड्यातुकड्यानं, एकेक पुल रिक्वेस्ट करत, प्रत्येकीमागे टेस्ट चालवत आम्ही 'यूज' रिकामं करत गेलो.

*

पेट्या दुप्पट होण्याचा बग या कामात सापडला. जुन्या कोडमध्ये सर्व्हर आधी बघायचा, पेटी मोकळी आहे का. मोकळी असली तर वाकून उचलण्याचं ॲनिमेशन, साधारण पाव सेकंद. मग पेटी हातात. बघणं आणि घेणं यांच्यात पाव सेकंदाची फट. त्या फटीत दुसऱ्यानं क्लिक केलं तर त्यालाही पेटी मोकळीच दिसायची.

एसटीनं प्रवास केलेल्या कोणालाही हा बग कळेल. जागा रिकामी आहे हे खिडकीतून बघून तुम्ही दाराकडे धावलात, तर आत पोचेपर्यंत तिथे कोणीतरी बसलेलं असतं. म्हणून आपण खिडकीतून रुमाल टाकतो. बघणं आणि धरणं एकाच हालचालीत. आम्हीही तेच केलं. पेटी मोकळी आहे हे बघतानाच तिच्यावर नाव टाकायचं, ॲनिमेशन नंतर. आमच्या चॅटमध्ये मी रुमालाची गोष्ट इंग्रजीत समजावली तेव्हा एका फिनिश मेंटेनरनं विचारलं, आणि रुमाल कोणी चोरत नाही?

बाबांना मी हे सगळं सांगितलं होतं. बाबा माथाडी. तीस वर्षं इथल्याच गोदामांत पोती आणि गाठी उचलल्या. १९६९चा माथाडी कायदा झाला म्हणून त्यांना बोर्डात नाव, भविष्य निर्वाह निधी आणि रजेचा पगार मिळाला, आणि मला इंजिनिअरिंगची फी. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "मग मुकादम काय करत व्हता?"

"मुकादम म्हणजे सर्व्हर. तो बघत होता, बाबा, पण बघून झाल्यावर पाव सेकंद दुसरीकडे बघायचा."

"असला मुकादम आमच्या टोळीत एक दिस टिकला नसता." मग जरा थांबून, "पर दोघांनी हात घातला तर भांडण कशापायी? रुईची गाठ एकशेसत्तर किलोची. ती एकट्यानं उचलायची वस्तूच न्हाय. दुसऱ्याचा हात लागला की बरं वाटायचं."

मी हे दुसऱ्याच दिवशी सुचवलं. दोघांनी जवळजवळ एकाच वेळी हात घातला तर पेटी दोघांनी मिळून उचलायची, वेग जास्त, पण दोघांना एकाच दिशेनं चालावं लागेल. सगळ्यांना आवडलं, आणि सगळ्यांनी नाही म्हटलं. रिफॅक्टरिंगमध्ये नवं वागणं आणायचं नाही, वेगळा प्रस्ताव लिही. बरोबर होतं त्यांचं. प्रस्ताव लिहिलाय, अजून चर्चेत आहे.

बग गेल्यावर खालची खरी अडचण उघडी पडली. आमचा सर्व्हर जर्मनीत. मुंबई ते फ्रँकफर्ट सरळ रेषेत साधारण साडेसहा हजार किलोमीटर. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे जाऊन-येऊन किमान ६५ मिलिसेकंद, आणि केबल काही सरळ रेषेत जात नाही, त्यामुळे प्रत्यक्षात दुप्पट किंवा जास्त. बर्लिनमधला मुलगा आणि मी एकाच क्षणी क्लिक केलं तर त्याचं क्लिक आधी पोचणार. दर वेळी. जुन्या कोडमध्ये दोघांनाही पेटी मिळायची म्हणून हे कोणाला कळलं नव्हतं. नव्या, स्वच्छ, बरोबर कोडमध्ये भारत आणि ब्राझीलमधली पोरं प्रत्येक पेटी हरायला लागली. 'जो आधी पोचला त्याची' हा नियम दिसायला सरळ आहे. पण आधी म्हणजे कोणाच्या घड्याळात?

इथे मी अडून बसले. हे नवं वैशिष्ट्य नव्हतं, आपल्याच दुरुस्तीनं झालेलं नुकसान होतं. शेवटी ठरलं ते असं: सर्व्हर एखाद्या पेटीसाठी पहिलं क्लिक आलं की लगेच निकाल देत नाही, शंभर मिलिसेकंद थांबतो. तेवढ्यात आणखी क्लिक आलं तर कोणी खेळातल्या कोणत्या क्षणी क्लिक केलं ते बघतो आणि मग एकदाच, एकाच ठिकाणी ठरवतो. क्षण तोच असला तर नाणेफेक. क्लिकची वेळ खेळाडूचाच कॉम्प्युटर सांगतो, म्हणून खोटं बोलायला वाव आहे, पण त्या शंभर मिलिसेकंदांपुरताच. थांबणं कोणाला जाणवत नाही, कारण आपल्या स्क्रीनवर हात लगेच वाकलेला दिसतो. हरलात तर पेटी हातातून निसटते.

*

सगळ्यात अवघड वळण शेवटच्या महिन्यात आलं. 'यूज'मध्ये एका ठिकाणी 'रिटर्न' राहिलं होतं. त्यामुळे हातात वस्तू असताना दुसऱ्या वस्तूवर क्लिक केलं की आधी हातातली खाली पडायची, आणि कोड तिथे न थांबता पुढे घसरून समोरची उचलायचा. एका क्लिकमध्ये दोन कामं. याच्याविरुद्ध कितीतरी तक्रारी होत्या. भर वादळात दोरीऐवजी बादली हातात येते आणि शिडाची दोरी सुटते. आम्ही ते नव्या रचनेत नीट केलं आणि टेस्ट सर्व्हरवर टाकलं.

दोन दिवसांनी एका जुन्या खेळाडूचा निरोप आला. खेळात तो स्वयंपाकी, कायम. त्यानं लिहिलं होतं की नवं सगळं छान आहे, पण मला आता खेळता येत नाही. मी एकाच हातानं खेळतो. माउस धरला की कीबोर्डला हात उरत नाही. वस्तू टाकायला एक बटण आणि उचलायला क्लिक, हे मला जमत नाही. तो बग होता म्हणून मी स्वयंपाक करू शकत होतो. तक्रारीचा सूर नव्हता. इतक्या दिवसांचे आभार मानले होते.

सॉफ्टवेअरमध्ये याला 'हायरमचा नियम' म्हणतात. गूगलमध्ये काम केलेल्या हायरम राइट या इंजिनिअरच्या नावानं तो ओळखला जातो. अर्थ असा की वापरणारे पुरेसे झाले की तुमच्या कोडच्या प्रत्येक दिसणाऱ्या वागण्यावर कोणी ना कोणी विसंबलेलं असतं, तुम्ही काहीही वचन दिलेलं असो. हा नियम सहसा वैतागून सांगतात: बघा, लोक बगवरही विसंबतात. मीही ऑफिसात तसाच ऐकलाय. पण विसंबणारा माणूस निरोप पाठवून आभार मानतो तेव्हा तो वेगळा ऐकू येतो.

चर्चा तीन दिवस चालली. एक बाजू म्हणत होती, बग तो बग, एकासाठी चाळीस जणांची दोरी सोडायची का? दुसरी म्हणत होती, मग जुनं तसंच ठेवा. मला दोन्ही पटेनात. बाबांचा उजवा खांदा आता कानाच्या वर जात नाही. लोकलमध्ये ते डाव्या हातानं कडी धरतात आणि मोबाइल खिशातून काढायचा असेल तर स्टेशन येईपर्यंत थांबतात. कडी, खिसा, फोन, सगळं दोन धड हात गृहीत धरून केलेलं आहे. कोणी मुद्दाम केलेलं नाही. कोणी विचारलंच नाही, एवढंच.

मी नवी सेटिंग लिहिली: 'एका क्लिकमध्ये अदलाबदल'. साधारण चाळीस ओळी. चालू केली की हातातली वस्तू खाली, समोरची वर, पण आता ठरवून, नाव देऊन, टेस्टसकट. जुन्या बगमध्ये वस्तू कुठेही पडायची, कधीकधी समुद्रात. आता ती पायाशीच पडते. मर्ज करण्याआधी आम्ही त्या स्वयंपाक्याला टेस्ट सर्व्हरवर बोलावलं. त्यानं तासभर कांदे कापले, पातेली चढवली-उतरवली आणि शेवटी एकच सूचना केली: ही सेटिंग 'अडचण असलेल्यांसाठी' अशा वेगळ्या पानावर टाकू नका, माउसच्या बाकीच्या सेटिंग्जमध्येच ठेवा. तिथेच ठेवली. आता ती बरेच जण वापरतात. काहींचा एक हात चहाच्या कपावर असतो म्हणून.

*

'यूज' फंक्शन आता तीन ओळींचं आहे. काढून टाकलेलं नाही, कारण लोकांनी बनवलेल्या मॉड्स अजून त्याच नावानं हाक मारतात. आलेली हाक ते नव्या रचनेकडे पाठवतं, एवढंच त्याचं काम. कोणीतरी नाव बदलून टाकूया म्हणालं तेव्हा मी नको म्हटलं. माझ्या स्टेशनवर कापूस नाही नि मैदानही नाही, पण उतरायचं कुठे हे सगळ्यांना कळतं.

टॉवेल अजूनही आगीऐवजी तोंड पुसतो. त्याची टेस्ट अजून पास होते. तो इश्यू आम्ही 'पहिल्यांदाच हात लावणाऱ्यांसाठी' असं लेबल लावून उघडा ठेवलाय. दुरुस्ती दोन ओळींची आहे, पण त्यासाठी आधी ठरवावं लागेल की पेटलेल्या माणसाचं आधी काय करायचं. गेल्या आठवड्यात नागपूरच्या डिप्लोमाच्या एका मुलीनं विचारलंय, मी घेऊ का? घे म्हटलं.